छपरावरचा वज्रवृक्ष

यवतमाळच्या बाजूने पैनगंगा ओलांडून आदिलाबादेस उतरले, म्हणजे आपण दुसऱ्या राज्यात आलो हे पाट्यांवरील अक्षरांवरून कळते. बाजारातील बोलण्यावरून ते एकदम ध्यानात येत नाही. निजामाच्या राज्यातील या मुलखास १९०५ साली आदिलाबाद जिल्हा हे रूप आले. १९५६ च्या भाषावार रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे गेले, उरलेला जिल्हा तेलुगू राज्यात राहिला, आणि २०१६ साली त्याचेही चार तुकडे झाले. बासरची सरस्वती आता निर्मल जिल्ह्यात मोडते. आदिलाबादेच्या वाट्यास जैनाथचे लक्ष्मीनारायण आणि केस्लापूरचा नागोबा राहिले. सीमा अशा सरकत गेल्या, तरी घरोघरची तुळशीवृंदावने जागची हलली नाहीत, आणि काही जुन्या घरांच्या छपरांवरील एक चमत्कारिक कुंडीही हलली नाही. प्रस्तुत लेख त्या कुंडीविषयी आहे.

गेल्या पौषात तेथील एका मराठी कुटुंबात दोन दिवस राहण्याचा योग आला. गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात सिमेंटच्या मोठ्या कुंडीत पुरुषभर उंचीचा निवडुंग उभा होता. पाने झडलेली, खोड करडे पडलेले, अंगभर जोडीजोडीने काटे. त्याच्याच शेजारी नव्या कुंडीत दुसरा एक उंच, हिरवागार, खांबासारखा सरळ आणि पन्हळ्या पडलेला कॅक्टस होता. जुन्यावरून घरात मतभेद होता. काटेरी झाड वास्तूत असू नये असे कोणी सांगितल्याने सूनबाई तो काढून टाकावयाचे म्हणत होत्या. सासूबाईंचे म्हणणे, “मामंजींनी लावलेला आहे तो. तो आहे म्हणून घरावर वीज पडत नाही.” शेवटी त्या मजकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हीच काय ते सांगा. आणि हा टाकायचा तर तो शेजारचा का ठेवायचा? दोन्ही निवडुंगच ना?”

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर दोन हजार वर्षे मागे आणि दोन महासागर पलीकडे नेणारे आहे. दोन्ही निवडुंग नव्हेत, किंवा शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर दोन्ही कॅक्टस नव्हेत. जुना तो आपला थोर, संस्कृतातील स्नुही. त्याचे कुळ एरंडाचे. नवा तो सिरियस, दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या बाजूचा. बाजारात तो दीर्घकाळ ‘पेरूचा’ म्हणून विकला गेला, जरी पेरू देशाशी त्याचा संबंध नाही. दोघांची रूपे सारखी झाली ती नात्याने नव्हे, संकटाने. पाऊस थोडा, ऊन फार आणि जनावरांची तोंडे जवळ, अशा ठिकाणी जगावयाचे तर पाने टाकून खोडातच पाणी साठवावे, खोडास पन्हळ्या पाडून ते पाणी मावेल अशी सोय करावी, आणि काट्यांचा पहारा बसवावा, हा एकच तोडगा दोन खंडांतील दोन निरनिराळ्या कुळांना सापडला.

ओळखण्याची खूण सोपी आहे. थोरास जरा नख लागले, की पांढरे दूध वाहते. खऱ्या कॅक्टसमधून पाण्यासारखा चिकट रस निघतो. कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीक गादीसारख्या ठिपक्यांतून झुबक्याने येतात. थोराचे बहुधा दोन-दोन. अमरकोशकाराने स्नुहीच्या पर्यायांत ‘समंतदुग्धा’ असे नाव दिले आहे, म्हणजे जिच्या सर्वांगी दूध आहे ती. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जे आज भिंग लावून शिकवितात, ते कोशातील एका शब्दात सामावले आहे.

स्नुहीची दुसरी नावेही बोलकी आहेत: सुधा, महावृक्ष, वज्रद्रु. वज्र म्हणजे इंद्राचे आयुध, वीज. एकोणिसाव्या शतकातील वनौषधींच्या ग्रंथांत अशी नोंद आढळते, की वीज पडू नये म्हणून हे झाड कुंडीत किंवा पिंपात लावून छपरावर उघड्या जागी ठेवण्याची चाल हिंदूंत होती. तेव्हा आदिलाबादेतील मामंजींनी काही नवे केले नव्हते. घरात उंच काटेरी झाड कुंडीत वाढविणे ही विलायती बंगल्यांतून आलेली हौस आहे असे आपण समजतो. पण तुळशीवृंदावन जसे अंगणातले, तशी ही कुंडी छपरावरची होती, आणि दोहोंमागे रक्षणाचीच कल्पना होती. बंगालात हेच झाड सर्पदेवता मनसेचे म्हणून पूजिले जाते. विजेच्या बाबतीत मात्र सासूबाईंना मी स्पष्टच सांगितले, की झाडाने वीज थांबत नाही. १७५२ साली फ्रँकलिनने विजेचे रहस्य उकलल्यानंतर त्या कामास धातूची सळई आणि जमिनीत नेलेली तार हीच खरी. वळवाच्या गडगडाटात तर या कुंडीपाशी जाऊच नये, कारण गच्चीवर उभे राहणे हाच धोका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तारही लावू. झाडही राहू द्या.”

सूनबाईंची बाजू निराधार होती असे मात्र नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्या-प्रकरणात घराजवळची काटेरी झाडे शत्रुभय देतात आणि दुधाळ झाडे धनाचा नाश करतात असे म्हटले आहे. थोर काटेरीही आहे आणि दुधाळही. म्हणजे दोन्ही कलमांखाली दोषी! परंतु त्याच ठिकाणी फळझाडांसही दोष दिला आहे, आणि आंबा-पेरू नसलेले अंगण आपल्याकडे कोण पसंत करतो? शिवाय आचार्यांनी सुटकेची वाटही दिली आहे. ती झाडे तोडावयाची नसतील तर मध्ये पुन्नाग, अशोक, बकुळ, फणस, शमी असे पूज्य वृक्ष लावावेत. आता पाहा, शमी स्वतः काटेरी, आणि फणसाचा चीक हातास लागला तर तेलाशिवाय निघत नाही. ज्या ग्रंथाच्या आधारे झाड उपटावयाचे, तोच ग्रंथ ते ठेवण्याची तोडही सांगतो. एक वाक्य ऐकावयाचे आणि पुढचे सोडावयाचे, ही आपल्या काळातील वास्तुसल्लागारांची रीत आहे, वराहमिहिराची नव्हे.

वैद्यांच्या परंपरेत तर या झाडाचे स्थान मोठे आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात सुधाकल्प नावाचा एक संपूर्ण अध्याय आहे. विरेचक द्रव्यांत हे सर्वांत तीक्ष्ण, म्हणून विचार करूनच वापरावे, असे तेथे बजावले आहे. थोड्या काट्यांचा आणि पुष्कळ काट्यांचा असे दोन प्रकार सांगून दुसरा श्रेष्ठ मानला आहे. आणि दोन-तीन वर्षांच्या झाडाचे दूध शिशिराच्या अखेरीस शस्त्राने छेद घेऊन काढावे असेही सांगितले आहे. भगंदरावर बांधावयाच्या क्षारसूत्रास हेच दूध लागते. चक्रदत्तात उल्लेखिलेल्या या उपायाचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी हिंदु विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी केले. त्याच्या प्रचलित पद्धतीत दोऱ्यास एकवीस पुटे देतात. अकरा नुसत्या स्नुहीदुग्धाची, सात त्यासह आघाड्याच्या क्षाराची, तीन हळदीची. हे वैद्याचे काम. घरी कोणी करू नये. दुधाचा थेंब डोळ्यात गेला तर तीव्र दाह होऊन दृष्टीस इजा होऊ शकते. म्हणून ज्या घरात लहान मुले आहेत तेथे हे झाड हाताबाहेर, कठड्याच्या आत, आणि वाटेपासून दूर असावे. माझ्या मते वास्तुदोषापेक्षा हा दोष अधिक खरा आहे, आणि त्याविषयी कोणी सल्ला देत नाही.

आता दुसऱ्या कुंडीकडे वळू. श्रीलंकेपर्यंत पोहोचलेली, झाडांवर लोंबणारी एक बारीक जात सोडली, तर सारे कॅक्टस मूळचे अमेरिकेचे. १४९२ पूर्वीच्या आपल्या कोणत्याही ग्रंथात, शिल्पात वा औषधात ते असणे शक्य नाही. ‘कॅक्टस’ हा शब्दही लिनियसने १७५३ साली एका जुन्या ग्रीक नावावरून घेतला, आणि ते नाव मुळात सिसिलीतील दुसऱ्याच काटेरी झाडाचे होते. पोर्तुगीज गलबतांबरोबर काजू, अननस, मिरची गोमंतकात उतरली. त्या सागरी दळणवळणाच्या युगातच पंजाच्या आकाराचा, चपट्या फांद्यांचा निवडुंगही हिंदुस्थानात आला. येथील लोकांनी त्यास परके नाव दिले नाही. थोरास लावीत तेच नाव त्यास लावले आणि पुढे विशेषण जोडले: फड्या निवडुंग. फडा म्हणजे नागाची फणा. गंमत अशी, की तेलुगूत थोराच्या जातीस ‘जेमुडु’ म्हणतात. पानांचा तो आकुजेमुडु, काड्यांचा शेर तो काडजेमुडु, आणि नव्याने आलेला चपटा तो नागजेमुडु. दोन भाषांनी, एकमेकींस न विचारता, परक्या झाडात तोच नाग पाहिला! पुढे हा परका इतका माजला, की निवडुंग म्हटले म्हणजे तोच डोळ्यांपुढे येऊ लागला, आणि ज्याचे मूळ नाव होते तो थोर कुंपणास जाऊन उभा राहिला.

माजला तो मात्र आपोआप नव्हे. किरमिजी रंग देणारा कीटक या झाडावर पोसला जातो, आणि त्या रंगाचा व्यापार मेक्सिकोच्या जोरावर स्पेनच्या हाती होता. तो मोडून काढावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासचे वैद्य जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस निवडुंगाची बागच उभारली. १७९५ साली कॅप्टन नील्सन याने ब्राझीलमधील रिओ येथून कीटक कलकत्त्यास आणला. तो हलक्या जातीचा निघाला. रंगाचा धंदा बसला, परंतु त्या किड्याने निवडुंगाची एक जात मैलोगणती खाऊन टाकली. दुसऱ्या जातींस त्याने तोंड लावले नाही, आणि दख्खनचे माळ, गावठाणे, पडक्या गढ्या त्यांनी व्यापून टाकल्या. दुष्काळात लोकांनी त्याचे काटे जाळून गुरांस खाऊ घातले, हीच काय ती त्यांची सेवा. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून दुसरा कीटक आणून सोडला तेव्हा थोड्याच वर्षांत ती रानेही साफ झाली. ज्या वृद्धांनी आपल्या बालपणी निवडुंगावर कापसासारखी पांढरी कीड पाहिल्याचे सांगितले, त्यांनी जगातील अशा प्रकारच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक डोळ्यांनी पाहिला होता.

थोर आणि फड्या हे दोघे मिळून एका विचित्र सरकारी कामासही जुंपले गेले. मिठावरील जकात चुकू नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातरेषा आखली होती, आणि तिच्या मोठ्या भागावर बाभळी, करवंदी, थोर व फड्या यांचे जिवंत कुंपण वाढविले होते. १८७९ साली ती रेषा रद्द झाली. गरिबाच्या जेवणातील मीठ अडविण्यासाठी झाडांना उभे करणे, हा झाडांचा दोष नव्हे.

या काटेरी कुळाने देवही सांभाळला आहे. पुण्याच्या नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा वारकऱ्यांस ठाऊक आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात तेथे मुक्काम करते. विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून हे नाव, असे परंपरा सांगते. ज्या झाडाने मूर्ती झाकून ठेवली त्याचेच नाव देवास मिळाले, आणि कोणासही त्यात अमंगल वाटले नाही. याच्या उलट दुसरी गोष्ट पाहा. श्रावणात एका रात्रीपुरते उमलणारे जे पांढरे फूल आपण ब्रह्मकमळ म्हणून ओवाळतो, शेजाऱ्यांस बोलावून दाखवितो, ते बिनकाट्याचे कॅक्टसच आहे, मेक्सिकोकडचे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ वेगळ्या कुळाचे. कॅक्टस घरात नको म्हणणाऱ्या कितीतरी घरांत त्याची कुंडी देवघराच्या खिडकीशी असते. आदिलाबादेतही होती.

आता जोपासनेचे. आदिलाबादची काळी जमीन कपाशीस जे देते तेच निवडुंगास मारते. ती पाणी धरून ठेवते, आणि निवडुंगाची मुळे ओल्या चिखलात आठ-पंधरा दिवस राहिली की बुंध्याशी कुजू लागतात. मी स्वतः पहिला सिरियस शेतातल्या काळ्या मातीत लावला होता. आषाढभर तो टवटवीत दिसला, आणि भाद्रपदात एका सकाळी बुंध्यातून मोडून आडवा पडला. आत नुसता लगदा. तेव्हा कुंडीत निम्मे तरी खरखरीत मिश्रण असावे: नदीची जाड वाळू, मुरूम, विटांचे बारीक तुकडे, उरलेल्यात तांबूस माती आणि चांगले कुजलेले शेणखत थोडे. कुंडी मातीची किंवा सिमेंटची, रुंद बुडाची आणि जड. उंच झाडास हलकी प्लॅस्टिकची कुंडी दिली तर पहिल्याच वावटळीत ते कठड्यावरून खाली जाते. तळास भोक हवेच, आणि कुंडी विटांवर टेकवावी म्हणजे ते गच्चीच्या चिखलाने बुजत नाही.

पाण्याचे गणित सणांवरून लक्षात ठेवणे मला सोपे जाते. महाशिवरात्रीस थंडी सरली की पहिले पाणी, तेही बेताचे. पाडव्यापासून मृगापर्यंत माती आतून कोरडी झाल्यावरच, म्हणजे आठ-दहा दिवसांनी, भरपूर. बोट खुपसून ओल लागली तर थांबावे. मृग लागला की झारी ठेवून द्यावी आणि झड लागल्यास कुंडी वळचणीखाली ओढावी. दसऱ्यानंतर पाणी कमी करीत जावे, आणि केस्लापूरच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येस भरते त्या सुमारास ते जवळजवळ बंद असावे. कारण त्या दिवसांत या जिल्ह्यात पारा काही वर्षी पाच अंशांखाली उतरतो, आणि थंडी अधिक ओल म्हणजे कूज. थोराची पाने याच काळात झडतात. झाड मेले असे समजून दयाळू माणसे तेव्हाच तांब्यामागून तांब्या ओततात. ती दया टाळावी. झाड झोपलेले असते.

उन्हाचेही तसेच. हे झाड उन्हाचे खरे, परंतु दुकानाच्या सावलीत वाढलेले रोप आणून एकदम वैशाखातल्या गच्चीवर ठेवले, जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांस टेकतो, तर त्याच्या दक्षिण अंगास पांढरट-पिवळे डाग पडतात आणि ते जन्मभर जात नाहीत. माघात आणावे, म्हणजे ऊन वाढेल तसे तेही निर्ढावते. याच्या उलट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेला सिरियस प्रकाशासाठी वर धावतो आणि शेंड्याशी बारीक होत जातो. पुढे त्यास बाहेर नेले तर वरचा भाग पुन्हा जाड होतो, पण मधली बारीक मान तशीच राहते, आणि वजन वाढले की नेमका तेथेच मोडतो. उंच झाडाची उंची एकसारख्या जाडीने वाढली तरच ती खरी. दर महिन्यास कुंडी पावपट फिरवावी. तोल जात असेल तर बांबू रोवून जुन्या सुती कापडाने सैल बांधावे, सुतळीने नव्हे, ती सालीत रुतते.

दोन-तीन वर्षांनी फाल्गुनात कुंडी बदलावी. चार घड्या केलेले गोणपाट खोडाभोवती गुंडाळून दोघांनी उचलावे. एकट्याने पुरुषभर उंचीच्या काटेरी खांबाशी कुस्ती खेळू नये. नव्या मातीत लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये, तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकू द्याव्यात. पन्हळ्यांत कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण, त्या किरमिजी किड्याचाच दूरचा भाऊबंद. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या बोळ्याने पुसून काढावा.

आदिलाबादेतील थोराकडे मी बारकाईने पाहिले तेव्हा त्याचे दुखणे काट्यांत नव्हते, बुंध्यात होते. कुंडीचे भोक कित्येक वर्षांपूर्वी बुजले होते, आत कपाशीच्या शेतातील काळी माती दगडासारखी बसली होती, आणि पाने झडली म्हणून कोणी तरी मार्गशीर्षभर पाणी घातले होते. बुंधा दाबला तर बोट आत जाई. झाड वाचणार नव्हते. शेंडा मात्र वाचणार होता. सूनबाईंनीच करवत आणून दिली. चष्मा लावून, हातांत मोजे घालून, तपकिरी ठिपका एकही उरणार नाही इतक्या उंचीवर आम्ही तो कापला. दूध भळभळ वाहिले, ते पाण्याने धुऊन थांबविले, आणि दोन हात लांबीचा शेंडा जिन्याखालच्या सावलीत उभा करून ठेवला. थंडी होती म्हणून तीन आठवडे सुकू देण्यास सांगितले, मग कोरड्या वाळूत रोवून, महाशिवरात्रीनंतर मुळे धरल्याची खूण दिसल्यावरच पाणी.

पुन्नाग कुठून आणावयाचा, असे सासूबाईंनी विचारले. बकुळ रोपवाटिकेत मिळते म्हणून सांगितले. चैत्रात पत्र आले: शेंड्यास चार पाने फुटली आहेत, कुंडी आता गच्चीच्या दक्षिण बाजूस आहे, मुलांस तिकडे जाता येऊ नये म्हणून जाळी लावली आहे, आणि मध्ये बकुळीचे रोप आहे. विजेच्या तारेचे काम मृगाआधी व्हावयाचे आहे.